प्रोसेसरवरची टूथपेस्ट

तलाता अवुनीला कुल्बिया गावात सगळे ‘मॅडम’ म्हणायचे. पहिली दोन-तीन वर्षं चेष्टेनं म्हणायचे, मग सवयीनं, आणि पुढे पुढे त्यात थोडा मानही आला होता. लॉरी स्टँडच्या मागे कडुनिंबांच्या रांगेत एका जुन्या लोखंडी कंटेनरला खिडकी कापून तिनं दुकान थाटलं होतं. आत एक टेबल, सोल्डरिंगची इस्त्री, स्क्रूड्रायव्हरांचा डबा आणि भिंतीला टांगलेली मेलेल्या कॉम्प्युटरांची आतडी. बाहेर रायनातू चवळीचे वडे तळायची. तिच्या तेलाचा वास तलाताच्या दुकानातल्या वायरींनासुद्धा लागलेला असायचा.

हा धंदा तिला कुणी शिकवायचा म्हणून शिकवला नव्हता. सतराव्या वर्षी ती दक्षिणेला कुमासी शहरात गेली, उत्तरेतल्या शेकडो मुली जातात तशी, पत्र्याचं घमेलं डोक्यावर घेऊन बाजारात ओझी वाहायला. टोमॅटो, रताळी, कापडाचे गठ्ठे, जे मिळेल ते. एके दिवशी ओपोकू नावाच्या कारागिरानं तिच्या डोक्यावर दोन जुने कॉम्प्युटर ठेवले आणि म्हणाला, “पाडलेस तर इथेच गाडीन तुला.” तिनं पाडले नाहीत. पुढे तो रोज तिलाच हाक मारायला लागला. ओझं उतरवल्यावर ही पोरगी निघून जात नाही, दारात उभी राहून बघत राहते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तिच्या हातात एक ब्रश दिला.

“बघायचंच असेल तर धूळ काढत बघ.”

दोन वर्षं तिनं फक्त धूळ काढली. परदेशातून फेकून दिलेली यंत्रं यायची, त्यांच्या पंख्यांत कुणाकुणाच्या घरची लव अडकलेली असायची, मांजराचे केस असायचे. ओपोकू शिव्या देत देत शिकवायचा. स्क्रू उघडण्याआधी हात लाव, म्हणायचा, कुठे गरम आहे, कुठे गार आहे ते आधी बघ. सव्विसाव्या वर्षी आई आजारी पडली म्हणून ती गावी परत आली. मध्ये एक लग्न झालं, ते टिकलं नाही. तिच्याजवळ स्क्रूड्रायव्हरांचा एक डबा होता आणि हातातलं काम होतं.

गावात कुणी तिच्याकडे यंत्र द्यायला तयार नव्हतं. बायकांनी शियाच्या बियांचं तूप काढावं, बाजरी कांडावी, हे तार-बीर कसलं! पहिला आला तो म्हातारा आयाम्गा. नदीकाठी त्याची भुईमुगाची आणि बाजरीची शेती होती. काखेत एक रेडिओ, त्याला सुतळीनं बांधलेलं झाकण.

“बाबा, माझ्याकडे देताय? लोक हसतील,” तलाता म्हणाली.

“दुरुस्त करणारी बाई असली काय नि बकरी असली काय, रेडिओ बोलला म्हणजे झालं.” म्हातारा बाकावर बसला. “आणि बकरीनं केला तर मी जास्तच खूश होईन. गावभर सांगेन.”

रेडिओ बोलला. म्हाताऱ्यानं बदल्यात टोपलीभर शेंगा दिल्या, आणि खरंच गावभर सांगितलं. त्यानंतर पंधरा वर्षं तो दर पेरणीआधी यायचा, रेडिओ साफ करून घ्यायचा. तलाताला पोरी म्हणायचा. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही, पण त्याला ठाऊक असावं.

म्हातारा ऐकायचा ते गावचंच स्टेशन. पंचायतीशेजारच्या दोन खोल्या, वर मनोरा. सकाळी बाजारभाव, दुपारी डॉक्टरांचं बोलणं, संध्याकाळी पाच वाजता कुसाल भाषेतला शेतकऱ्यांचा कार्यक्रम. बाकी वेळ कॉम्प्युटर आपला आपण गाणी आणि भरून ठेवलेल्या सूचना वाजवत राहायचा. इसाहाकू नावाचा एकच निवेदक होता. त्याचा आवाज भारदस्त होता, पण तो माणूस होता, त्याला जेवायला आणि नमाजाला जावं लागे. त्यामुळे स्टेशनचा अर्धा दिवस त्या कॉम्प्युटरच्याच जिवावर चाले.

ऑगस्टच्या सुरुवातीला तो कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. गाणं चालू असताना खट्कन शांतता. पुन्हा चालू केला की वीस मिनिटं, पंधरा मिनिटं, मग पुन्हा तेच. स्टेशनचे व्यवस्थापक मुमुनीसाहेब स्वतः तलाताच्या दुकानात आले. इस्त्रीचा फुगू, तो जाड विणीचा ढगळ सदरा, अंगात, कपाळाला आठ्या.

“मॅडम, त्याला भूत लागलंय.”

“भूत लागलं असेल तर भुतं उतरवणाऱ्या मालमला बोलवा. मी कशाला?”

“अहो, चेष्टा पुरे. लोक फोन करून शिव्या घालतात.”

ती गेली. कॉम्प्युटर बघायला मिळायच्या आधी तिला कुलूप उघडायची वाट बघावी लागली, कारण मुमुनीसाहेबांनी त्याच्यासाठी सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली होती. पोरंटोरं आपापले पेनड्राइव्ह लावतात, रोग आणतात, शिवाय चोरीची भीती. पेटीला किल्ली एकच, ती साहेबांच्या खिशात. पडद्याची आणि कळफलकाची वायर तेवढी एका भोकातून बाहेर आली होती. दार उघडलं तसा तोंडावर भपकारा आला, चुलीवरचं झाकण काढल्यासारखा. खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून जाड फोम मारलेला, खिडकी बंद, आणि गार हवेचं यंत्र दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेलं.

“ह्याला श्वास घ्यायला जागा कुठे ठेवलीये?” तिनं विचारलं.

“कॉम्प्युटरला कसला श्वास?” साहेब म्हणाले.

तिनं तो बाहेर काढला, टेबलावर ठेवला. घाई केली नाही. आधी वीज बघितली, कमीजास्त होत नव्हती. दुसऱ्या मशिनचा पॉवर सप्लाय लावून पाहिला, तरी बंद पडलाच. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या, काही फरक नाही. मग चालू करतानाच एक बटण दाबून तिनं मशिनचं स्वतःचं पान उघडलं, जिथे ते आपली प्रकृती सांगतं. प्रोसेसरचा आकडा साठावर होता. ती बघत बसली. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. नव्वद. शहाण्णवला पडदा काळा झाला.

“भूत सापडलं,” ती म्हणाली. “ताप आहे. आत जास्त तापलं की तो जळू नये म्हणून आपणच डोळे मिटतो.”

“मग पंखा गेला असेल.”

पंखा तर फिरत होता, चांगला भरारत होता. कुणी दुसरा असता तर धूळ झाडून पैसे घेऊन गेला असता. तलातानं परत चालू केला, आकडा नव्वदवर जाऊ दिला आणि पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना बोट लावलं. पाती गार होती. खाली प्रोसेसर उकळतोय आणि त्याच्या डोक्यावरच बसलेला हा पात्यांचा हीटसिंक गार! म्हणजे आग वर चढतच नव्हती. दोघांच्या मधलं काहीतरी तुटलं होतं.

तिनं हीटसिंक उचलला. त्याला चार प्लास्टिकचे पाय असतात, बोर्डात घट्ट रुतणारे. त्यातला एक मोडला होता, त्यामुळे तो एका बाजूनं केसभर उचलला गेला होता. आणि मधली थर्मल पेस्ट, जी प्रोसेसरची उष्णता वर पोचवते, ती वाळून भेगाळली होती, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तशी. नखानं खरवडली तर भुकटी झाली.

मोडक्या पायाच्या जागी तिनं तांब्याची तार घातली आणि बोर्डामागे पिळून आवळली. पेस्टचं काय करायचं? तिच्याकडची नळी मागच्या महिन्यातच संपली होती. टामालेला जाऊन यायचं म्हणजे एक दिवस, आणि मुमुनीसाहेब दारात उभे राहून घड्याळ बघत होते, दुपारी आरोग्य खात्याचा कार्यक्रम होता. कुमासीत अडचणीच्या वेळी ओपोकू करायचा ते तिला आठवलं. तिनं वॉचमन अडोंगोला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं आणि टूथपेस्ट मागवली. पांढरी, साधी. वाटाण्याएवढी घेतली, पातळ पसरली, वर हीटसिंक दाबून बसवला. चालू केला. आकडा अठ्ठावन्नवर जाऊन थांबला. अर्धा तास झाला, एक तास झाला, साठच्या वर गेला नाही.

“वा मॅडम!” मुमुनीसाहेबांनी दोन्ही हात वर केले. “कोल्गेटनं दात आणि कॉम्प्युटर दोन्ही!”

“साहेब, नीट ऐका,” ती म्हणाली. “ही टूथपेस्ट आहे. हिच्यातलं पाणी उडालं की खडू होणार. फार तर आठ दिवस. तेवढ्यात खरी पेस्ट आणा आणि नवे पाय आणा. आणि ह्या पेटीची मागची फळी कापा, नाहीतर पेटीच फेकून द्या.”

“लिहून द्या, लिहून द्या. मी लगेच मंजूर करतो.”

तिनं लिहून दिलं. त्या कागदावर तीन सह्या लागणार होत्या. पहिली मुमुनीसाहेबांची, ती झाली. दुसरी समितीच्या खजिनदाराची, तो मक्केला गेलेल्या भावाला आणायला अक्राला गेला होता. तिसरी जिल्ह्याच्या कचेरीतली. कॉम्प्युटर परत पेटीत गेला, कुलूप लागलं.

सहाव्या दिवशी तलाता बोल्गाटांगाला गेली होती, मोबाइलच्या काचा आणायला. बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात काचेखाली थर्मल पेस्टची नळी दिसली. राखाडी, चांगल्यातली. तिनं ती हातात घेतली. तीस सेडी. तिच्या कमरेच्या पिशवीत पैसे होते. ती नळी तिनं तळहातावर धरली, आणि तिच्या डोळ्यांसमोर मुमुनीसाहेबांचा तो इस्त्रीचा फुगू आला. प्रत्येक वेळी स्टेशनचं काम म्हणजे मॅडमनं आपल्या खिशातून करायचं, का? मागच्या वर्षीची वायरसुद्धा आपणच घातली. सही करू दे की त्यांना. आठ दिवस म्हटलंय, अजून दोन आहेत. तिनं नळी परत काचेवर ठेवली. दुकानदार म्हणाला, “घे ना गं, पुढच्या आठवड्यात मिळेल न मिळेल.” ती म्हणाली, “बघते.”

आठ दिवस गेले, मशिन चालू राहिलं. नऊ झाले, दहा झाले. बंद पडलं नाही तशी तिलाही वाटायला लागलं, आपणच जास्त घाबरवलं.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, अकरा वाजता स्टेशनवर पत्र आलं. वरच्या अंगाच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, पाणी रात्रीतून पोचेल, उद्या पहाटेच्या आत नदीकाठची शेतं सोडा. असं पत्र दरवर्षी येई, पण तारीख ठरलेली नसे, आणि ह्या वर्षी पाऊस वरतीच जास्त झाला होता. बारा वाजता इसाहाकूनं ते स्वतः वाचलं. मग मांप्रुली, कुसाल आणि बिसा अशा तिन्ही भाषांत भरून ठेवलं आणि तीन वाजल्यापासून रात्री नऊपर्यंत दर अर्ध्या तासानं वाजेल असं लावून दिलं. साडेतीनला त्याला निरोप आला, शेजारच्या गावी चुलता वारला, सूर्यास्ताच्या आत माती द्यायची. तो मोटारसायकल घेऊन गेला. मुमुनीसाहेब टामालेला कसल्याशा शिबिराला होते. स्टेशनवर राहिला अडोंगो वॉचमन.

रायनातूच्या वड्यांच्या कढईशेजारी रेडिओ चालू होता. तीनला सूचना झाली, साडेतीनला झाली, चारला झाली. गिऱ्हाइकं आपसांत बोलत होती. कुणी उठून पुतण्याला निरोप द्यायला गेलं. खरोखर बरीच माणसं त्या दिवशी नदीवरून वर आली. साडेचारची सूचना संपली, गाणं लागलं. पाचला दहा मिनिटं असतील, आणि गाणं अर्ध्या शब्दात तुटलं.

“गेली लाईट!” रायनातू म्हणाली. “आली की गेली, आली की गेली. नवऱ्यासारखी.”

सगळे हसले. तलातानं मान वर केली. तिच्या डोक्यावरचा दिवा चालू होता. हातातली इस्त्री गरम होती. लाईट गेली नव्हती. काय झालंय ते गावात तिला एकटीलाच त्या क्षणी नेमकं कळलं. खडू झाला असणार. तिला वाटलं, बरं झालं, आता करतील सही. सूचनेचं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण एवढ्यांदा सांगून झालीये, ऐकायची ती ऐकली लोकांनी, असं म्हणून तिनं परत समोरच्या मोबाइलमध्ये डोकं घातलं.

स्टेशनवर अडोंगोनं शांतता ऐकली. दिवे चालू आहेत हे त्यालाही दिसत होतं. पण पेटीला कुलूप होतं आणि ते उघडायची त्याची हिंमत नव्हती. साहेबांना त्यानं तीन फोन लावले. फोन बंद होता.

पाणी पहाटे आलं.

शुक्रवारी सकाळी लोक कुल्बियाच्या उतारावर उभे राहून बघत होते. जिथे शेंगा होत्या, बाजरी होती, तिथे लाल पाणी होतं. गवती झोपड्यांची छपरं वाहत चालली होती. तिघं गेले. दोघं खालच्या वस्तीतले, नवरा-बायको, तलाताच्या ओळखीचे नव्हते. तिसरा आयाम्गा. वानरं आणि गुरं शेंगा खातात म्हणून म्हातारा-म्हातारी महिनाभर शेतावरच झोपडीत राहायची. त्या खोलगट भागात मोबाइलला रेंज नव्हती. म्हातारी अपोका शियाच्या झाडावर सापडली, फांदीला लुगडं बांधून त्यात बसलेली. म्हाताऱ्यानं तिला वर चढवलं होतं. मग तो शेळी सोडायला गेला.

तलाताला हे रायनातूनं सांगितलं. तलाता उठली, डबा घेतला आणि स्टेशनवर गेली. मुमुनीसाहेब नुकतेच पोचले होते. त्यांनी पेटी उघडली. तिनं मशिन बाहेर काढलं, तार सोडवली, हीटसिंक उचलला. आत पांढरी खपली होती, कडेला उललेली. बोट लावलं तर सुटून खाली पडली. तिनं ती चिमटीत घेऊन साहेबांच्या पुढे धरली. साहेबांनी तोंड फिरवलं.

त्याच संध्याकाळी ते तिच्या घरी आले. बरोबर मानाच्या कोलाच्या बिया आणि पाय बांधलेल्या दोन गिनी कोंबड्या. अंगणात बसले, पाणी प्याले, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले.

“उद्या गावप्रमुख नाबांनी सगळ्यांना बोलावलंय,” शेवटी म्हणाले. “जिल्ह्याचे लोकही येणार. विचारतील, स्टेशन का बंद पडलं.”

“हो.”

“लाईट गेली होती असं मी सांगणार आहे. लाईट जातेच की. त्यात कुणाचा दोष नाही. तुमचाही नाही.” ते तिच्याकडे बघत नव्हते. “मॅडम, खरं सांगितलं तर पहिलं नाव तुमचंच येईल. टूथपेस्ट कुणी लावली? लोकांना बाकीचं काही कळणार नाही. तेवढंच लक्षात राहील.”

लोकांबद्दल ते खोटं बोलत नव्हते हे तिला कळत होतं. स्वतःला वाचवत होते, आणि तिलाही वाचवत होते. त्यांची थोरली मुलगी तलाताच्याच दुकानात टायपिंग शिकली होती. तलाता म्हणाली, “कोला ठेवा. कोंबड्या घेऊन जा.”

शनिवारी नाबांच्या वाड्यासमोरच्या झाडाखाली माणसं दाटली होती. मुमुनीसाहेबांनी लाईटचं सांगितलं. अडोंगो मान खाली घालून उभा होता. नाबांच्या वतीनं बोलणारा माणूस म्हणाला, “अजून कुणाला काही सांगायचंय?” तलाता उठली.

“लाईट गेली नव्हती. माझ्या दुकानात दिवा होता, रायनातूला विचारा. कॉम्प्युटर तापून बंद पडला. त्याच्यात पेस्ट नव्हती, मी टूथपेस्ट लावली होती. आठ दिवस टिकेल म्हणून सांगितलं होतं, बंद पडला तो अकरावा होता. सामान मागितलं, कागद सह्यांसाठी पडून आहे. पेटी फोडा म्हटलं होतं, फोडली नाही. किल्ली टामालेत होती.”

गलका झाला. कुणी ओरडलं, “टूथपेस्ट! हिनं टूथपेस्टनं माणसं मारली!” कुणी म्हणालं, “अरे, ती सांगते तरी आहे! बाकीचे तोंड शिवून बसलेत.” नाबांनी हात वर केला. म्हातारे नाबा हळू बोलत, त्यामुळे सगळ्यांना गप्प व्हावंच लागे. ते म्हणाले, “ह्या बाईनं आपल्या अंगावर येईल असं खरं सांगितलं. असं माणूस मी फार वर्षांत बघितलं नाही.” जिल्ह्याच्या माणसानं वहीत काहीतरी लिहिलं. मुमुनीसाहेब बसल्या जागी आणखी लहान झाल्यासारखे दिसले.

लोक उठले तेव्हा दोन-चार बायकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. रायनातू डोळे पुसत म्हणाली, “तुझ्यासारखी छाती नाही कुणाची.” तलाताला त्या हातांचा चटका बसत होता. बोल्गाच्या दुकानातली नळी तिनं सांगितली नव्हती. पाचला दहा मिनिटं कमी असताना आपल्याला काय कळलं होतं आणि काय वाटलं होतं, तेही नाही. सगळं सांगितल्यासारखं करून तिनं नेमकं तेच गाळलं होतं, आणि त्यावर नाबांकडून शाबासकी घेतली होती.

चाळीस दिवस ती ते घेऊन हिंडली. दुकान उघडायची, पण हीटसिंक उघडायची वेळ आली की काम परत करायची. जिल्ह्यानं स्टेशनला नवा कॉम्प्युटर दिला. मुमुनीसाहेबांची बदली झाली. अडोंगोला काढून टाकलं, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. तो बिचारा फक्त फोन लावत बसला होता.

मग एका दुपारी ती अपोकाच्या घरी गेली. म्हातारी मुलाच्या अंगणात चटईवर बसून शेंगा फोडत होती. वरच्या शेतातल्या होत्या, नदीकाठचं काहीच हाती लागलं नव्हतं. तलातानं वाकून नमस्कार केला, म्हातारीनं बाजूला जागा दाखवली.

“आजी, मला काही सांगायचंय.”

“सांग.”

तलातानं सांगितलं. नळी, तीस सेडी, कमरेतले पैसे, परत ठेवली ते. मग गाणं तुटलं ते, आपल्या डोक्यावरचा दिवा, आणि ‘बरं झालं’ वाटलं ते. एकही शब्द मऊ केला नाही. म्हातारीचे हात शेंगा फोडत राहिले. एक, दोन, तीन. मग थांबले.

“आम्ही पाचला लावला होता रेडिओ,” अपोका म्हणाली. “दुपारी ते निंदत होते, बॅटरी उतरते म्हणून बंद ठेवला होता. पाचला लावला तर नुसती खरखर. मी म्हटलं, बिघडला वाटतं. तर म्हणाले, बिघडायचा नाही, तलातानं साफ केलाय. स्टेशनचीच लाईट गेली असेल, उद्या ऐकू.”

म्हातारीनं पुढ्यातली टरफलं बाजूला सारली.

“तुला माफ करू म्हणून आलीस?”

“माहीत नाही, आजी.”

“मग का आलीस? मला आतापर्यंत वाटत होतं, पाणी आलं. पाण्याला काय विचारणार? आता रोज झोपताना मला ती नळी दिसणार. तू सांगून मोकळी झालीस, मी काय करू तिचं?” म्हातारीचा आवाज चढला नव्हता. “जा आता. पुन्हा येऊ नकोस. शेंगा नेऊ नकोस, पाणी पिऊ नकोस. जा.”

ती गेली. रस्त्यात रडली नाही. घरी जाऊनही रडली नाही. दुसऱ्या दिवशी बोल्गाला गेली, थर्मल पेस्टच्या दोन नळ्या घेतल्या, आणि परत येऊन आठवड्यापासून टाळलेलं काम पुढ्यात ओढलं. तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पहिला स्क्रू फिरवला.

पुढच्या ऑगस्टमध्ये पत्र आलं तेव्हा नवा कॉम्प्युटर ठणठणीत होता. सूचना सकाळपासून वाजत होती, आता गाडीवर भोंगाही फिरत होता. तरी तलातानं दुकान बंद केलं, सायकल काढली आणि नदीच्या वाटेला लागली. प्रत्येक झोपडीपाशी उतरून सांगत गेली. कुणी म्हणालं, “ऐकलंय मॅडम, निघतोच आहोत.” कुणी पाणी दिलं. एका जागी एक माणूस खरंच गाढ झोपला होता, त्याला तिनं हलवून उठवलं.

आयाम्गाच्या शेतावर अपोका आणि तिचा मुलगा बाजरीच्या पेंढ्या बांधत होते. तलाता बांधावरच थांबली, आत पाऊल टाकलं नाही.

“पाणी येतंय, आजी. पहाटेच्या आत.”

म्हातारीनं मान वर केली नाही. “रेडिओनं सांगितलं सकाळी,” ती म्हणाली, आणि पेंढीची गाठ आवळली. मुलानं एकदा आईकडे बघितलं, एकदा तलाताकडे, आणि पेंढी डोक्यावर घेऊन चढणीला लागला.

खालच्या अंगाला अजून चार झोपड्या राहिल्या होत्या. तलातानं सायकल वळवली.